पाते किती लांब असावे?

पवनचक्कीची वीज स्वस्त पडणार की महाग, हे बऱ्याच अंशी तिचे पाते ठरवते. पाते फिरताना जेवढे वर्तुळ व्यापते तेवढाच वारा चक्कीच्या हाती लागतो आणि पात्याची लांबी दुप्पट केली की हे वर्तुळ चौपट होते. त्या वाऱ्यातली सगळी शक्ती मात्र काढून घेता येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी 1920 च्या सुमारास दाखवून दिलेली मर्यादा 59.3 टक्क्यांची आहे.

साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर ओळीने उभ्या असलेल्या 350 किलोवॅटच्या चक्क्यांचा व्यास 33 मीटरच्या आसपास आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनची अलीकडची एस144 ही चक्की 144 मीटर व्यासाची, 3.15 मेगावॅटची. क्षमता नऊपट झाली, वर्तुळ मात्र अठरापटीहून मोठे. म्हणजे दर किलोवॅटमागे दुप्पट वारा. म्हणूनच मंद वाऱ्याच्या माळावरही आता चक्की परवडते, आणि ही फार मोलाची गोष्ट आहे.

खरी झुंज वजनाशी असते. सगळी मापे सारखीच वाढवत नेली, तर दुप्पट लांबीचे पाते आठपट जड होईल. म्हणून पाते आतून पोकळ ठेवतात. साच्यात फायबरग्लासचे थर अंथरायचे, मध्ये बाल्साचे हलके लाकूड घालायचे, हवा शोषून घेऊन इपॉक्सी मुरवायचे; कण्याला बळकटी हवी तिथे कार्बनचे धागे. मुळाशी गोल व जाड असलेले पाते टोकाकडे निमुळते होत जाते आणि लांबीभर किंचित पिळलेले असते. कारण टोक ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात धावते, मूळ सावकाश फिरते, आणि वारा प्रत्येक ठिकाणी निराळ्या कोनातून भिडतो. एवढ्या वेगात पावसाचे थेंबसुद्धा पात्याची धार खरवडतात. धार खडबडीत झाली की वीज घटते, म्हणून तिच्यावर संरक्षक लेप चढवतात.

एवढे करून पाते जागेवर न्यायचे असते. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणाऱ्या घाटाची वळणे डोळ्यांसमोर आणली, तर सत्तर मीटरचे अखंड पाते तिथून वळणार कसे, हा प्रश्न पडतोच. सेमाडोह तर मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातले गाव. तिथे पात्यासाठी सागवान तोडून रस्ता रुंद करणे कोणत्याही हिशेबात बसू नये. अशा डोंगराळ मुलखांसाठी परदेशातल्या काही कंपन्यांनी दोन तुकड्यांची पाती तयार केली आहेत. ती मनोऱ्यापाशी नेऊन जोडतात. सांध्यापाशी वजन आणि खर्च थोडा वाढतो, पण ट्रेलर घाटातून वर चढतो.