एनआयएचे दार पोलीस ठाण्यातच

१८ जुलै २०२३ च्या पहाटे पुण्यात कोथरूडला गस्तीवरच्या पोलिसांनी मोटारसायकल चोरायला आलेल्या तिघांना हटकले. एक निसटला, दोघे हाती लागले. आधी हा साधा वाहनचोरीचा गुन्हा वाटला. चौकशीत उघड झाले की हे दोघे राजस्थानातल्या स्फोटकांच्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेला, म्हणजे एनआयएला हवे होते आणि प्रत्येकावर ५ लाखांचे बक्षीस होते. ते कोंढव्यात भाड्याने राहत होते.

कारेगाव, ढोकसांगवी, सणसवाडी किंवा कुरकुंभ परिसरात ज्यांच्या खोल्या भाड्याने आहेत, त्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत देशभरातून माणसे येतात. त्यातली बहुतेक पोटासाठी आलेली असतात. परप्रांतीय दिसला की संशय, हा धंदा करू नका. पण भाडेकरू कोणत्याही गावचा असो, आधार कार्डाची प्रत, फोटो आणि मूळ पत्ता घेऊन माहिती पोलीस ठाण्याला देणे हे मालकाचे काम आहे. एजंट बघून घेईल म्हणून सोडून देऊ नये.

२६/११ च्या हल्ल्यानंतर, ३१ डिसेंबर २००८ पासून एनआयएचा कायदा लागू झाला. २०१९ च्या दुरुस्तीने मानवी तस्करी, बंदी असलेल्या शस्त्रांची निर्मिती व विक्री आणि सायबर दहशतवाद हे विषयही तिच्याकडे आले. असा गुन्हा दाखल झाला की ठाण्याचा अहवाल राज्य सरकारकडे आणि तिथून केंद्राकडे जातो. तपास एनआयएकडे द्यायचा की नाही, हे केंद्राने १५ दिवसांत ठरवायचे असते. म्हणजे शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड किंवा यवतच्या ठाणे अंमलदारासमोर सांगितलेली गोष्ट दिल्लीपर्यंत पोचू शकते. त्यासाठी कोणी दिल्लीचा नंबर शोधत बसायला नको.

शिरूर तालुक्याला एनआयए हे नाव तसे नवे नाही. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमात हिंसाचार झाला. त्याच्याशी जोडला गेलेला, आदल्या दिवशी पुण्यात झालेल्या एल्गार परिषदेचा गुन्हा मात्र विश्रामबाग ठाण्यात नोंदला गेला आणि जानेवारी २०२० मध्ये केंद्राने तो एनआयएकडे सोपवला. राज्य सरकारने तेव्हा नाराजी व्यक्त केली होती. केंद्राला असा तपास आपणहून घेता येतो, ही कायद्यातली तरतूद आजही वादाची आहे. मदत करणाऱ्या नागरिकाने या यंत्रणेच्या प्रत्येक कारवाईला मान डोलवावी असे मुळीच नाही.

आता खबर कशी द्यायची. ‘तो माणूस बरोबर वाटत नाही’ ही खबर नव्हे. ‘मंगळवारी रात्री अकराच्या सुमारास, अमुक नंबरचा टेम्पो, बंद पडलेल्या गोदामात चार पिंपे उतरवून गेला’ ही खबर. दिवस, वेळ, जागा, वाहन, आणि स्वतः पाहिले की ऐकले, एवढे सांगावे. गावात पोलीस पाटील आहेच. दौंडसारख्या जंक्शनवर फलाटावर बेवारस बॅग दिसली तर हात न लावता १३९ किंवा ११२ ला फोन करावा. खबर कोणी दिली हे सांगायला कोर्टही पोलिसाला भाग पाडू शकत नाही; कायद्यातच तशी तरतूद आहे.

दुसरी बाजू अफवेची. २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, दौंड, बारामती, इंदापूरकडे रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून गावेच्या गावे जागी राहिली. जागे राहिले, ठाण्याला कळवले, इथवर ठीक. पण काठी घेऊन रस्त्यावर अनोळखी माणसाला अडवणे निराळे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. मोबाइलवर फिरलेल्या एका अफवेचे ते बळी. डोळ्यादेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही पकडू शकतो, पण विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. मारहाणीची परवानगी कुठल्याच कलमात नाही.

अलीकडे ‘एनआयएतून बोलतोय, तुमच्या नावावर गुन्हा आहे’ असा व्हिडिओ कॉल येतो आणि घाबरलेला माणूस खाते रिकामे करतो. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात नाही. फोन ठेवावा, पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर कळवावे.

खरोखर साक्षीला बोलावले तर लेखी नोटीस मागावी. महिलांना आणि साठीपुढच्या पुरुषांना राहत्या ठिकाणाखेरीज कुठे येण्याची सक्ती करता येत नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराने सही करायची नसते. आणि तुम्ही गुन्ह्याची फिर्याद दिली असेल, तर एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.