खणाखणांतली ऊब

अमेरिकेत १९९२ साली पैदासकार बॉब क्लार्क यांच्याकडे बंदिवासात जन्मलेली पहिली अल्बिनो बॉल पायथनची पिल्ले अंड्यांतून बाहेर आली. १९९७ मध्ये पीटर काल यांनी पांढऱ्या ठिगळांच्या पायबाल्ड रंगप्रकाराची पैदास करून दाखवली. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बुटका अजगर. घाबरला की डोके वेटोळ्यांच्या आत दडवून तो चेंडूसारखा गोळा होतो. नव्या रंगांच्या पिल्लांना हजारो डॉलर मिळू लागले, तसे अमेरिकेतल्या गॅरेजांत आणि तळघरांत सापांची संख्या वाढत गेली. साप एकेकटा ठेवावा लागतो. मादी एका खेपेला साधारण चार ते आठ अंडी घालते आणि प्रत्येक पिल्लाला वेगळी जागा लागते. काचेच्या पेट्यांनी ती गरज भागणे शक्यच नव्हते. जागा वाचवणारा रॅक या अडचणीवर उपयोगी पडला.

रचना साधी आहे. फळ्यांची उंच मांडणी आणि प्रत्येक फळीवर प्लॅस्टिकचा एक टब, टेबलाच्या खणासारखा बाहेर ओढता येणारा. टबाला झाकण नसते. वरची फळी हेच झाकण. त्यामुळे सुताराचा सगळा कस टबाची कड आणि वरची फळी यांमधल्या फटीत लागतो. फट जास्त राहिली तर साप निसटतो, कमी राहिली तर टब अडकतो. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनसाठी तीनेक मिलिमीटर चालून जातात, पण कॉर्न स्नेक जातीचे बारीक पिल्लू त्यातून निसटू शकते. म्हणून जाणकार आधी टब विकत घेतात, त्यांची मापे काढतात आणि मगच फळ्या कापतात.

घरगुती रॅकला बहुधा मेलामाइनचा थर असलेले पार्टिकल बोर्ड वापरतात. ते पुसायला सोपे आणि स्वस्त, मात्र वजनाला भारी. कापलेल्या कडेतून पाणी शिरले की फुगते, म्हणून कडा सील कराव्या लागतात. तयार रॅक पीव्हीसीचे, एचडीपीईचे किंवा धातूच्या सांगाड्याचे मिळतात. टबांना हवेची भोके सोल्डरिंग आयर्नने पाडतात. ती वितळून होत असल्याने प्लॅस्टिक तडकत नाही. काठावर राहिलेला खरखरीत भाग मात्र घासून काढलाच पाहिजे, नाहीतर सापाचे नाक सोलवटते. भोके किती पाडायची याचा हिशेब दमटपणावर ठरतो. बॉल पायथनला साठ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. हवा फार कोरडी असेल तर कात एकसंध न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते.

रॅकचा खरा प्राण ऊब आहे. साप अंगात उष्णता निर्माण करून ती टिकवू शकत नाही. गिळलेला उंदीर पचवायला त्याला बाहेरची ऊब लागते. टबाचे एक टोक ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ ते २७ अंश ठेवायचे, म्हणजे कुठे बसायचे हे सापाला ठरवता येते. दोन्ही टोके सारखीच तापली तर त्याची ही निवडच हिरावली जाते. माझ्या लेखी रॅक चांगला की वाईट, याची पहिली परीक्षा हीच.

ऊब देण्यासाठी हीट टेप वापरतात. दोन प्लॅस्टिक थरांच्या मध्ये कार्बनचे आडवे पट्टे आणि दोन्ही कडांना वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या, अशी ही पातळ, रिळावरून हवी तेवढी कापता येणारी फीत. प्रत्येक आडवा पट्टा स्वतंत्रपणे तापतो, म्हणून फीत कापली तरी बिघडत नाही. कापलेले टोक आणि जोड तेवढे नीट झाकावे लागतात. फळीत मागच्या बाजूला उथळ खाच पाडून टेप त्यात ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बसवतात, म्हणजे टब ओढताना ती घासली जात नाही. काही जण तळाऐवजी मागच्या भिंतीवर टेप लावतात.

थर्मोस्टॅटशिवाय ही टेप लावणे मला गुन्ह्यासारखे वाटते. साध्या डिमरने वीज कमी होते खरी, पण खोली तापली तरी डिमरला त्याची खबर नसते. चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट काम भागवतो. त्याहून चांगला प्रपोर्शनल थर्मोस्टॅट. तो विजेचा पुरवठा हळूहळू कमी-जास्त करतो आणि तापमान एका जागी स्थिर राहते. धोका प्रोबमध्ये असतो. तापमान मोजणारी ही छोटी तार टेपवरून सुटून थंड हवेत लोंबू लागली, तर यंत्राला सगळे गारच वाटते आणि ते टेप पूर्ण ताकदीने तापवत राहते. साप चटका बसताच बाजूला होईल, असे कुणी गृहीत धरू नये. जास्त तापलेल्या जागेवर साप बसून राहतात आणि त्यांच्या पोटाखालचे खवले भाजतात. म्हणून प्रोब पक्का चिकटवायचा, वरची मर्यादा ओलांडताच वीज तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट जोडायचा आणि इन्फ्रारेड तापमापकाने टबाच्या आतला तळ रोज तपासायचा. गरम हवा वर चढते, त्यामुळे वरचे खण खालच्यांपेक्षा अधिक तापतात. एकाच खणाचे माप घेऊन भागत नाही.

आता वादाचा मुद्दा. अमेरिकेत मोठ्या बॉल पायथनसाठी पलंगाखाली ठेवायचे ४१ क्वार्टचे टब फार वापरले गेले. त्यांची लांबी सुमारे ३५ इंच, रुंदी १७ इंच. त्यांचा कर्णसुद्धा ३९ इंच भरत नाही आणि मादी चार फुटांची, म्हणजे ४८ इंचांची सहज होते. तिला आयुष्यभर अंग सरळ करता येणार नाही. पैदासकार म्हणतात, हा साप उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो, अरुंद जागेत निवांत असतो, मोठ्या उघड्या पेटीत खाणे सोडतो. यात तथ्य आहे. पण बिळात दिवस काढणारा साप रात्री बाहेरही पडतो, आणि लपायला जागा मोठ्या पेटीतही देता येते.

संशोधक क्लिफर्ड वॉरविक आणि सहकाऱ्यांनी २०१९ च्या लेखात तासाभराच्या निरीक्षणांची नोंद दिली: ६५ सापांपैकी २४ सापांनी अंग सरळ किंवा जवळजवळ सरळ केले. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातील २०२१ च्या अभ्यासात कॉर्न स्नेकना निवड दिली, तेव्हा त्यांचा कल साध्या पेटीपेक्षा सजवलेल्या पेटीकडे होता. जर्मनीतल्या १९९७ च्या तज्ज्ञ-शिफारशींत तर पेटीची मापे सापाच्या लांबीच्या पटीतच दिलेली आहेत. मला स्वतःला पिल्लांसाठी, आजारी सापासाठी आणि नव्याने आणलेल्या सापाला वेगळे ठेवण्यासाठी रॅक उत्तम वाटतो. प्रौढ सापाला त्याच्या लांबीएवढी तरी जागा मिळायला हवी.

आपल्याकडे धामण, नाग, अजगर हे देशी साप घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. बॉल पायथनसारख्या, वन्यजीव व्यापारावरच्या सायटिस कराराच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. शिवाय हवामानाचा प्रश्न उलटा आहे. थर्मोस्टॅट टेप बंद करू शकतो, गारवा देऊ शकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला आणि वीजही गेली, तर बंद टबातला साप जिवाला मुकतो. परदेशातले रॅकचे आराखडे इथे जसेच्या तसे उचलणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा.

उष्ण प्रदेशात कमी जागेत साप ठेवण्याची एक देशी रीत तामिळनाडूत मामल्लपुरमजवळच्या वडनेम्मेलीत दिसते. इरुळा जमातीच्या सर्पपकड्यांची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे मातीच्या मडक्यांत ठेवते. तळाशी वाळू, तोंडाला बांधलेले कापड, विजेची गरज शून्य. मडकेही अरुंदच असते. पण विष काढण्यापुरते तीनेक आठवडे ठेवून, पोटाच्या खवल्यांवर खूण करून साप पुन्हा रानात सोडला जातो. बॉल पायथनचा मुक्काम मात्र वीस-तीस वर्षांचा असतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या मादीने २०२० मध्ये, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली.