मुद्दाम पकडलं जाण्याचा डाव

नाम्कोचा १९८१चा ‘गॅलागा’ हा व्हिडिओ गेम पाहा. शत्रूंच्या रांगेत उभी असलेली मधमाशी टिपली तर ५० गुण. तीच अंगावर झेपावताना टिपली तर १००. त्यांच्या म्होरक्याचे रांगेत १५०, एकटा झेपावताना ४००, आणि दोन साथीदार घेऊन आला की तब्बल १६००!

खरी करामत मात्र पुढे आहे. म्होरक्या झोत सोडून खेळाडूचं यान ओढून नेतो. हाताशी दुसरं यान शिल्लक असेल, तर जाणते खेळाडू मुद्दाम पकडले जातात. मग तो म्होरक्या कैद्यासह झेपावला की त्याला पाडायचं. कैदी सुटतो, शेजारी येऊन जोडला जातो, मारा दुप्पट होतो. नेम चुकून कैद्यालाच गोळी लागली, तर ते यान गेलंच.

शिवाय जोडयान रुंदीलाही दुप्पट. शत्रूच्या गोळ्यांना आयतंच सापडतं. या खेळाची सगळी बुद्धिमत्ता इथे दिसते.