नाशिक रोडच्या नोटा आणि लंडनचे ऋण

ऋणमाफी म्हटली की धनको श्रीमंत व ऋणको दरिद्री असे गृहीत धरले जाते. नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या १९९६ च्या योजनेत गरीब राष्ट्रांना माफी मिळाली, तीही सांगितलेल्या आर्थिक अटी पाळल्यावरच. दुसऱ्या महायुद्धानंतरचे हिंदुस्थानचे प्रकरण मात्र नेमके उलटे होते.

युद्धकाळात ब्रिटनने येथे घेतलेल्या मालाची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई. त्या तारणावर रिझर्व्ह बँक नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापलेल्या नोटा चलनात आणी. येणे साठले लंडनच्या वह्यांत, महागाई येथल्या बाजारात. १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच काळातला. युद्धाअखेर हे येणे सुमारे १३० कोटी पौंडांवर गेले. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे हिंदी शिष्टमंडळाने, ज्यात चिंतामणराव देशमुख होते, त्याच्या काही अंशाची बहुपक्षीय फेड मागितली; ती नाकारली गेली. उलट डिसेंबर १९४५ च्या आंग्ल-अमेरिकन कर्जकरारात धनकोंनी काही येणे सोडावे अशी अपेक्षाच नमूद झाली. हिंदी लोकमताच्या विरोधामुळे ही माफी टळली. तथापि १९४७-४८ च्या करारांन्वये रक्कम थोडथोडीच मोकळी झाली. युद्धसाहित्य व इंग्रज अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने यांची किंमत तीतूनच वळती झाली, आणि सप्टेंबर १९४९ च्या पौंडाच्या अवमूल्यनाने उरलेल्या रकमेचे डॉलरमूल्य सुमारे ३० टक्क्यांनी घटले.