पांढरीवरून काळीवर : हिंगोली जिल्ह्यातील घरबांधणीची प्रक्रिया

प्रस्तावना :
मराठी मुलखात गावच्या जमिनीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग पूर्वापार मानले जातात. काळी म्हणजे पिकाची शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात मात्र शहरांलगतचे नवे घर बहुधा अकृषिक करून घेतलेल्या काळीवर उभे राहते. नोकरीत स्थिरावल्यावर कर्ज काढून ले-आऊटमध्ये प्लॉट घेणारे आपण प्राध्यापकही त्याला अपवाद नाही. जागेच्या या बदलाचा घरबांधणीच्या प्रक्रियेवर काय परिणाम होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

खणांचे घर :
मराठवाड्यातील जुने घर खणांत मोजले जाई. सुताराने उभी केलेली लाकडी खांब-तुळयांची चौकट, तिच्याभोवती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद, अशी त्याची रचना असे. ऐपतीप्रमाणे व कुटुंबाच्या गरजेप्रमाणे खण वाढत. असे घर उन्हाळ्यात थंड राही. परंतु गळती थांबविण्यासाठी माळवदावर वेळोवेळी नवी माती पडे आणि छताचे वजन पिढ्यान्पिढ्या वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात अशा घरांनी हजारो माणसे गाडली. अनेक ठिकाणी लाकडी चौकट उभी राहिली आणि भिंती ढासळल्या, कारण भिंतीचे आतील व बाहेरील थर आरपार दगडांनी एकमेकांत गुंतविलेले नव्हते.

त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरांचे आकार जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फूट ठरविण्यात आले. राहणाऱ्याची सवय या आखणीत फारशी विचारात घेतली गेली नाही, म्हणून पुढे लोकांनी आपापल्या घरापुढे ओसऱ्या व पत्र्याचे आडोसे जोडून घेतले. घर मालकाच्या विचाराने बांधले जावे, याला यापेक्षा मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही. तथापि कोणत्या गोष्टी मालकाच्या इच्छेवर सोडता येत नाहीत, हा प्रश्न उरतोच.

काळ्या मातीचा स्वभाव :
बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. वैशाखात शेताला पडणाऱ्या भेगा हे त्याचेच दृश्य रूप. घराखालच्या मातीतही हीच हालचाल चालू राहते. पण ती सर्वत्र सारखी नसते. घराच्या मध्यभागी ओल टिकून राहते, तर कडेची माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. परिणामी कडेच्या भिंती वर-खाली होतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. एकमजली हलके घर फुगणाऱ्या मातीचा दाब सहन करू शकत नाही, ते उचलले जाते. दरवर्षी लांबी भरून रंग दिल्याने ही भेग बुजत नाही, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे.

यावरील पहिला उपाय सोपा आहे. नकाशा काढण्यापूर्वी प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. स्वयंपाकघराच्या दिशेवर आठवडेच्या आठवडे चर्चा होते. पाया किती खोल घ्यायचा, हे मात्र मिस्त्री आखणीच्या दिवशी उभ्या उभ्या ठरवितो. मुरूम हाताशी असेल तर पाया तेथपर्यंत नेणे हिताचे. काळीचा थर फार खोल असेल, तर टोकाशी कंदासारखा फुगीर भाग असलेल्या, किमान साडेतीन मीटर लांबीच्या पाइल घ्याव्या लागतात. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेली ही पद्धत आहे. खोदलेली काळी माती फुकट मिळते म्हणून तीच जोत्यात भरली जाते. ही चूक सर्रास दिसते. जोत्यात मुरूमच भरावा आणि घराभोवती पाणी न मुरणारा फरशीचा पट्टा ठेवावा.

भिंती एकमेकींना बांधण्याचा मुद्दाही जुना झालेला नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी जिल्ह्यात ४.५ व ३.६ तीव्रतेचे दोन धक्के लागोपाठ बसले. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसराला भूगर्भातील आवाज परिचयाचे आहेत. म्हणून केवळ विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकताना जोत्यावर व दारा-खिडक्यांवर सळईयुक्त काँक्रीटची सलग पट्टी सर्व भिंतींवरून फिरलीच पाहिजे. संपूर्ण अंदाजपत्रकात हा खर्च लहान असतो.

पैशाचा आणि पाण्याचा हंगाम :
परवानगीची वाट आता पूर्वीइतकी बिकट नाही. ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील बांधकामाला २०२१ मध्ये नगररचना विभागाच्या परवानगीतून सूट देण्यात आली. खरी अडचण कालगणनेची आहे. हळद काढून, शिजवून, वाळवून विकेपर्यंत चैत्र उजाडतो. शेतकरी कुटुंबाच्या हाती पैसा येतो तो तेव्हा. म्हणजे पाया भेगाळलेल्या, पूर्ण वाळलेल्या मातीत पडतो आणि पहिल्याच पावसात ती माती सर्वाधिक फुगते. स्लॅब पडतो तोही विहिरी तळाला गेल्यावर. आयएस ४५६ : २००० या मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला १० दिवस आणि कोरड्या, उष्ण हवामानात अनुक्रमे १० व १४ दिवस ओलावा द्यावा लागतो. बाजारात मिळणारे सिमेंट बहुधा पीपीसी, म्हणजे मिश्र असते. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात १४ दिवसच धरले पाहिजेत. मिस्त्री चौथ्या-पाचव्या दिवशी दुसऱ्या कामावर जातो आणि पाणी मारण्याचे काम घरच्या स्त्रियांवर येऊन पडते.

शक्य असल्यास एका हंगामाच्या पैशात जोत्यापर्यंतचे काम करून एक पावसाळा जाऊ द्यावा आणि भिंती व स्लॅब दिवाळीनंतर, सोयाबीनच्या पैशावर घ्यावेत. तेव्हा विहिरीला पाणी असते. एकदम बांधणे भाग असेल, तर चौदा दिवसांच्या टँकरचा खर्च सळई-सिमेंटच्या यादीतच लिहावा.