नळी निघाली, पण लघवी होत नाही

गर्भाशय आणि मूत्राशय हे सख्खे शेजारी. गर्भपिशवी काढताना डॉक्टरांना तिला चिकटलेलं मूत्राशय आधी सोडवून खाली सरकवावं लागतं. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी मूत्राशयात घातलेली लघवीची नळी काढल्यावर काही दिवस धार बारीक असणं, लघवीला वेळ लागणं अनेकींच्या वाट्याला येतं आणि बहुतेकींचं ते निवळतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया मात्र मूत्राशयाला महागात पडू शकते. व्हिएन्नात अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये ती रूढ केली. क्योटोच्या ओकाबायाशींनी १९२१ मध्ये आणखी व्यापक पद्धत मांडली. रोग मागे राहू नये म्हणून गर्भाशयाच्या आजूबाजूचा भागही काढायचा. पण मूत्राशयाकडे जाणाऱ्या बारीक नसा नेमक्या तिथूनच जातात. त्या दुखावल्या की मूत्राशय भरल्याची जाणीव बोथट होते आणि त्याचा स्नायू आकुंचन पावत नाही. पुढे जपानी शल्यविशारदांनीच या नसा वाचवण्याचं तंत्र घडवलं. तरीही अशा शस्त्रक्रियेनंतर नळी एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त ठेवावी लागते.

मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. जाणीव हरवलेल्या बाईच्या पोटात त्याहून कितीतरी जास्त साठते, तिला कळतही नाही, आणि मग थेंब थेंब गळू लागतं. घरचे म्हणतात, लघवी तर होतेय! प्रत्यक्षात ती तुंबलेली असते. लघवी करून आल्यावर केलेली साधी सोनोग्राफी किती शिल्लक राहिली ते लगेच सांगते. घरी पाठवण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी.

तुंबणाऱ्या लघवीवरचा सर्वात मोठा उपाय अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातून आला. १९७२ मध्ये जॅक लॅपिडिस आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की रुग्णाने हात स्वच्छ धुऊन स्वतःच ठरावीक वेळाने बारीक नळी घालावी, मूत्राशय रिकामं करावं आणि नळी काढून टाकावी. निर्जंतुक हातमोज्यांशिवाय? अनेकांना ते पटेना. लॅपिडिस यांचं म्हणणं असं, की जास्त ताणल्यामुळे मूत्राशयाच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंना तिथेच संधी मिळते. अनुभवाने ही पद्धत टिकली. कायमच्या नळीपेक्षा तिच्यात जंतुसंसर्ग कमी होतो, आणि बाईला लघवीची पिशवी लटकवून वावरावं लागत नाही.

काहींचा त्रास उलटा असतो. खोकलं, शिंकलं, वजन उचललं की लघवी निसटते. त्यासाठी अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आजही पहिला उपचार आहे. एका वेळी किमान आठदा आवळणं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी तुंबणाऱ्या बाईने मात्र तो स्वतःच्या मनाने सुरू करू नये. तिला स्नायू सैल सोडायला शिकावं लागतं.

अशा त्रासात लाजेपोटी बायका पाणी पिणं कमी करतात. त्याने लघवी घट्ट होते, जळजळ वाढते. पण कारण दर वेळी लाजच नसतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शस्त्रक्रियेनंतर अशी बाई पुन्हा ऊसतोडीला जाते, आणि उसाच्या फडात शौचालयच नसेल, तर डॉक्टरांचा ‘दर तीन तासांनी लघवीला जा’ हा सल्ला तिने कसा पाळायचा?

नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली नाही, थंडी वाजून ताप आला, किंवा योनीमार्गातून रात्रंदिवस पाणी झिरपू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. झिरपणं मूत्राशयाला पडलेल्या छिद्रामुळे असू शकतं, आणि ते दुरुस्त करता येतं.