चेन किती सैल असावी?

पहाटेच्या पाळीसाठी तळेगाव ढमढेऱ्याहून रांजणगावच्या कारखान्यांकडे निघणारा कामगार असो, की न्हावऱ्याच्या रस्त्याने उसाच्या फडाकडे जाणारा बागाईतदार असो, ज्याच्या नित्यक्रमाची सारी भिस्त मोटारसायकलीवर आहे अशा गृहस्थाला तिची किरकोळ निगा घरच्या अंगणात राखता यावी, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही. तथापि चेन किती सैल असावी, एवढे जरी त्याने विचारले तरी चारचौघांकडून त्याला ‘बेताची’ हे एकच निरुपयोगी उत्तर मिळते.

वास्तविक याची सुबोध सूचना देणे अवघड नाही. इंजिन बंद करून गाडी डबल स्टँडवर घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये असावा, आणि दोन्ही दातेरी चक्रांच्या मध्यावर चेन बोटाने खालीवर करून ती एकंदर किती हालते ते फूटपट्टीने मोजावे. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत हे अंतर बहुधा दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीगणिक निराळा. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही, म्हणून मागचे चाक फिरवीत चार ठिकाणी माप घ्यावे आणि जेथे ती सर्वांत ताठ लागेल तेथील माप प्रमाण धरावे. ताठ चेन पाहून नवशिक्याला समाधान वाटते खरे, परंतु मागे माणूस आणि कांद्याची गोणी चढली की शॉकअप दबतात, चेन आणखी ताणली जाते आणि तो सारा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर पडतो. चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या जुळवाव्या, नट घट्ट आवळावा आणि मागील ब्रेकचा पायटा पुन्हा तपासावा. हे शेवटचे कलम तोंडी सांगणारे हटकून गाळतात.

तेलाच्या बाबतीत तर शेजाऱ्याचा सल्ला सरळ घातक ठरू शकतो. काही गाड्यांत तेल मोजण्याची काडी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, काहींत पूर्ण बसवायची. गल्लत झाली की माप चुकले. शिवाय बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे मोटारीसाठीचे निसरडे तेल ओतल्यास तो घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी, ती याचसाठी.

हे सर्व अधिकृतपणे नमूद असते ते गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत, जी विम्याच्या कागदांसह कपाटात पडून असते. पुस्तिका मात्र आपल्याच मॉडेलची आणि सालाची हवी, कारण 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाल्यावर बहुतेक गाड्यांतून कार्बुरेटर गेला आणि त्याविषयीच्या जुन्या सूचना रद्दबातल झाल्या. व्हॉल्व्हसारख्या नाजूक कामांसाठी ती वर्कशॉपकडे बोट दाखवते, ते योग्यच आहे.

भाषेची अडचण तेवढी उरते, आणि ती मला अक्षम्य वाटते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ काढून मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत बोलणे सुरू केले होते. आज शिक्रापूरहून थेट रस्ता असलेल्या चाकणला मोटारसायकली तयार होत असताना वाचकाने इंग्रजीत का चाचपडावे? म्हणून गाडी घेताना मराठी पुस्तिका आग्रहाने मागावी, आणि न मिळाल्यास घरातल्या शिकत्या मुलाकडून चेन, तेल आणि टायरच्या हवेचे आकडे एका कागदावर उतरवून घेऊन तो आरसी बुकाच्या पाकिटात ठेवावा.